पोट सैल झालेच नाही: वार अकाली सुटल्याच्या एका प्रकरणाचा अभ्यास

हे प्रकरण नाशिक जिल्ह्यातले आहे. संबंधित स्त्री आणि तिचा पती यांच्या संमतीने ते लिहिले असून, ओळख पटू नये म्हणून वय, गाव आणि काही किरकोळ तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम, वेळांमधली अंतरे आणि वैद्यकीय निर्णय मात्र जसे घडले तसेच ठेवले आहेत. त्या रात्री नाशिक शहरातील एका मोठ्या रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून मी कामावर होते, आणि या प्रकरणातल्या चुकांपैकी एक माझी आहे.

पार्श्वभूमी

भाताची कापणी उरकत आली की पेठ आणि सुरगाणा तालुक्यांतली अनेक कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षपट्ट्यात मजुरीला उतरतात. ऑक्टोबर छाटणीनंतर बागांमध्ये शेंडे खुडणे, घडांची विरळणी आणि डिपिंग (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणे) अशी कामे एकामागून एक निघतात, आणि त्यांतली बहुतेक स्त्रियाच करतात. ही स्त्री २६ वर्षांची, दुसऱ्यांदा गरोदर, ३४वा आठवडा चालू. पहिली मुलगी चार वर्षांची, तिची प्रसूती सुखरूप झालेली. नोव्हेंबरमध्ये पती, मुलगी आणि दीर यांच्यासह ती एका बागेवरच्या खोलीत राहायला आली होती आणि दुखू लागले त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिने काम केले होते.

गाव सोडण्यापूर्वी, महिन्याच्या ९ तारखेला होणाऱ्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाच्या तपासणीला ती गेली होती. तेव्हा तिचा रक्तदाब १४६/९४ भरला आणि पायांवर सूज होती. कार्डावर "बीपी पुन्हा तपासणे" एवढी नोंद झाली. लघवीतील प्रथिने त्या दिवशी तपासली गेली नाहीत आणि जोखमीच्या गरोदरपणाची लाल खूणही कार्डावर लागली नाही. आठवड्याने परत या, असे तिला सांगितले होते. त्या आठवड्यात मुकादमाची गाडी आली आणि कुटुंब निघाले. कार्ड गावातल्या घरी पत्र्याच्या पेटीत राहिले. ज्या गावात ती कामाला आली तिथल्या आशाताईंना ती तिथे आहे हेच माहीत नव्हते, कारण तिची नोंदणी दुसऱ्या तालुक्यातली होती.

वार अकाली सुटणे म्हणजे काय आणि ते किती जणींना होते

बाळ जन्मल्यावर वार आपोआप सुटते आणि बाहेर पडते, हे प्रत्येक घराला ठाऊक असते. हीच वार बाळ पोटात असतानाच गर्भाशयाच्या भिंतीपासून सुटू लागली तर तिच्यामागे रक्त साचते, साचलेले रक्त तिला आणखी सोडवत जाते, आणि जितका भाग सुटतो तितका बाळाचा प्राणवायू तुटतो. अशा स्थितीला डॉक्टर अब्रप्शन म्हणतात.

साधारणपणे १०० ते २०० गरोदरपणांमागे एकात हे घडते. हा आकडा ऐकून एखाद्या कुटुंबाला दिलासा वाटेल आणि तो वाटणे योग्यही आहे, कारण शंभरातल्या नव्व्याण्णव जणींना याचा स्पर्श होत नाही. परंतु तोच आकडा रुग्णालयाच्या बाजूने पाहिला की चित्र बदलते: वर्षाला १,२०० प्रसूती होणाऱ्या केंद्रात दरवर्षी सहा ते बारा स्त्रिया हा आजार घेऊन येणार, म्हणजे महिन्या-दोन महिन्यांतून एक. दुर्मीळ म्हणून विसरून चालेल असा हा आजार नाही. ज्यात बाळ दगावते आणि आईचा जीव धोक्यात येतो असा तीव्र प्रकार एकूण प्रकरणांमध्ये बराच कमी असतो. पुष्कळदा वारेचा लहानसा कोपरा सुटतो, थोडे रक्त जाते आणि काळजीपूर्वक देखरेखीखाली गरोदरपण पुढे नेता येते. मात्र वारेचा निम्म्याहून अधिक भाग सुटला तर बाळ सहसा वाचत नाही, आणि बाळ पोटात दगावलेल्या प्रकरणांपैकी सुमारे एक तृतीयांश स्त्रियांमध्ये रक्त गोठण्याची क्रियाच कोलमडते. सुटलेल्या वारेमागून जे घटक आईच्या रक्तात शिरतात ते जागोजाग सूक्ष्म गुठळ्या तयार करतात, त्यात गोठण्यासाठी लागणारी प्रथिने संपून जातात आणि मग सुई टोचलेल्या जागेतूनही रक्त थांबत नाही.

कारणांमध्ये उच्च रक्तदाबाचा वाटा मोठा आहे. पूर्वी एकदा वार अशी सुटलेली असणे, जुळे, पाणमोट वेळेपूर्वी फुटणे, धूम्रपान आणि पोटावर बसलेला मार हीदेखील ज्ञात कारणे आहेत. मार म्हणजे केवळ घाटातला मोटारसायकलचा अपघात नव्हे. म्हणून घरात कुणी मारहाण केली का, हा प्रश्न पतीला आणि सासूला बाहेर बसवून विचारावाच लागतो. या स्त्रीला तो विचारला होता आणि तिचे उत्तर स्पष्टपणे नकारार्थी होते.

या प्रकरणाच्या दृष्टीने आणखी दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली, सुमारे पाचातल्या एकीला बाहेरून रक्तस्राव जवळजवळ दिसतच नाही. सगळे रक्त वारेमागे कोंडून राहते. दुसरी, सोनोग्राफीत हा आजार निम्म्याहून अधिक वेळा दिसत नाही, कारण ताजे रक्त आणि वार पडद्यावर जवळपास सारखीच दिसतात. निदान करायचे ते हाताने, नाडीने आणि रुग्णाच्या सांगण्यावरून.

त्या रात्री काय घडले

रात्री साडेआठला जेवण झाल्यावर तिच्या पोटात दुखू लागले. सुरुवातीला ओव्याचे पाणी दिले गेले. पहिल्या वेळेच्या कळा तिला चांगल्या आठवत होत्या, त्यामुळे ती नवऱ्याला म्हणाली की या कळा नाहीत, हे मधे थांबतच नाही. पुढे आमच्यापैकी तीन डॉक्टरांनी तिला तपासले किंवा तिच्याबद्दल ऐकले, पण रोगाचे इतके अचूक वर्णन आमच्यापैकी कुणीही केले नाही. दुर्दैवाने हे वाक्य केसपेपरवर आलेच नाही. ते मला तिच्या पतीकडून आठ दिवसांनी समजले.

बागमालकाच्या पिकअपने रात्री १०.४० वाजता तिला नाशिकपासून पाऊण तासाच्या अंतरावरच्या एका ग्रामीण रुग्णालयात आणले. कामावर असलेल्या सिस्टरची नोंद अशी होती: नाडी ११६, रक्तदाब १२८/८४, अंगावरून अगदी थोडे रक्त, पोट कडक, बाळाचे ठोके १०४ ते ११०, ऐकू येण्यास अवघड. सिस्टरने आणखी एक गोष्ट केली. गर्भाशयाचा वरचा काठ जिथे लागला तिथे बॉलपेनने पोटावर आडवी रेघ मारून शेजारी वेळ लिहिली, १०.५०. ही जुनी पद्धत आहे. आत रक्त साचत असेल तर हा काठ तासा-दोन तासांत वर सरकतो.

वैद्यकीय अधिकाऱ्यांना, अननुभवी असले तरी काळजीपूर्वक काम करणाऱ्या एका तरुण डॉक्टरांना, रक्तदाब ठीक वाटला. गावच्या कार्डावरचा १४६/९४ हा आकडा त्यांच्यासमोर नव्हता. तो असता तर १२८/८४ हा ठीक असलेला रक्तदाब नसून घसरू लागलेला रक्तदाब आहे, असा संशय येण्यास जागा होती. कार्ड नसतानाही एक खूण समोर होती: नाडीच्या आकड्याला वरच्या रक्तदाबाने भागले तर ११६ भागिले १२८, म्हणजे ०.९ च्या थोडे वर. गरोदर किंवा नुकत्याच प्रसूत झालेल्या स्त्रीमध्ये हा भागाकार ०.९ किंवा अधिक आला की मोठ्या रक्तस्रावाचा विचार करावा लागतो, मग डोळ्यांना रक्त दिसो वा न दिसो. निरोगी तरुण स्त्रीचे शरीर बरेच रक्त गेले तरी रक्तदाब सावरून धरते. नाडी मात्र आधीच बोलू लागते.

पहिला निर्णय: तिथेच शस्त्रक्रिया, नाशिक, की आधी सोनोग्राफी

रात्री अकराच्या सुमारास तीन मार्ग समोर होते.

पहिला, तिथेच सीझर करणे. शस्त्रक्रियागृह होते, परंतु भूलतज्ज्ञ रात्री उपलब्ध नव्हते आणि रक्तसाठा नव्हता. बाळाचे ठोके १०४ असताना सर्वांत जलद मार्ग हाच दिसतो. पण रक्त गोठत नसलेल्या स्त्रीवर रक्ताची एकही पिशवी हाताशी नसताना शस्त्रक्रिया करणे म्हणजे आईला टेबलावरच गमावण्याचा धोका पत्करणे. आज सर्व माहिती समोर ठेवून विचार केला तरी हा मार्ग नाकारणे मला योग्यच वाटते.

दुसरा, दोन सलाईन लावून, रक्ताचे नमुने घेऊन, नाशिकला फोन करून ताबडतोब रुग्णवाहिकेत घालणे. तिसरा, जवळच्या खासगी केंद्रात सोनोग्राफी करून मग ठरवणे.

तिसरा मार्ग निवडला गेला. त्यामागचे कारण समजून घेतल्याशिवाय त्यावर टीका करणे मला रास्त वाटत नाही. ३४ आठवड्यांची, अंगावरून फारसे जात नसलेली आणि रक्तदाब ठीक दिसणारी स्त्री रात्री नाशिकला पाठवली आणि तिथे ती साध्या कळांची निघाली, तर "एवढ्यासाठी कशाला पाठवली" हे शब्द पाठवणाऱ्या डॉक्टरला ऐकावे लागतात. ते शब्द बोलणारे आम्हीच असतो. त्या तरुण डॉक्टरांनी नंतर मला सांगितले की महिनाभर आधी असेच बोलणे त्यांनी ऐकले होते आणि म्हणून या वेळी हातात काही पुरावा असावा असे त्यांना वाटले. हे ऐकून मी बराच वेळ काही बोलू शकले नाही.

सोनोग्राफीत जाऊन-येऊन ५० मिनिटे गेली. अहवालात बाळ जिवंत, ठोके १०२, वार गर्भाशयाच्या वरच्या भागात मागील बाजूस, वारेमागे रक्त साचल्याचे दिसत नाही, अशी नोंद होती. अहवाल प्रामाणिक होता आणि तरीही त्याने दिशाभूल केली. मागच्या भिंतीवरच्या वारेमागचे ताजे रक्त दिसणे विशेष अवघड असते. सोनोग्राफीत रक्त दिसले तर निदान जवळपास पक्के होते, पण दिसले नाही म्हणून निदान रद्द होत नाही. वार तोंडाशी आहे का, हे पाहण्यासाठी सोनोग्राफी उपयोगी आहे, कारण त्याशिवाय आतून तपासणी करता येत नाही. पण ती त्याच खाटेवर, फिरत्या यंत्रावर, दोन मिनिटांत होत असेल तरच. या स्त्रीला त्यासाठी पिकअपमध्ये बसवून न्यावे लागले.

दुसरा निर्णय: फोनवरचा

११.५५ ला मला फोन आला. मी दोन प्रश्न विचारले: अंगावरून किती जातेय, आणि सोनोग्राफी काय म्हणते? दोन्ही उत्तरे दिलासा देणारी होती. वेळेपूर्वीच्या कळा असाव्यात असे मी म्हणाले, बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टिरॉइडचे इंजेक्शन द्यायला सांगितले, आणि कळा थांबवण्याची गोळी सुरू करून तासाभराने कळवा, असा सल्ला दिला.

ही माझी चूक. पोट दोन कळांच्या मधे सैल होते का, हा प्रश्न मी विचारला नाही. बाळाच्या ठोक्यांचा आकडा विचारला नाही. नाडीही विचारली नाही. या तीन प्रश्नांना मिळून अर्धे मिनिट लागले असते आणि तिन्ही उत्तरे सिस्टरच्या हस्ताक्षरात त्या कागदावर लिहिलेली होती. त्यातच कळा थांबवणारी ती गोळी रक्तदाब उतरवते. आतल्या आत रक्त जात असलेल्या स्त्रीला ती देणे म्हणजे उरलासुरला आधार काढून घेणे.

गोळी दिली गेली नाही, आणि त्याचे श्रेय सिस्टरचे आहे. गोळी देण्यापूर्वी तिने पुन्हा पोटावर हात ठेवला. गर्भाशयाचा काठ तिच्या रेघेच्या दोन बोटे वर गेला होता. पोट लाकडासारखे लागत होते, नुसता हात ठेवला तरी बाई कळवळत होती, आणि नाडी १२८ झाली होती. तिने डॉक्टरांना बोलावले, रेघ दाखवली आणि म्हणाली, "सर, ही वार सुटलेली आहे. सकाळपर्यंत थांबायची नाही." १२.२० ला मला दुसरा फोन आला. १२.४० ला १०८ ची रुग्णवाहिका निघाली आणि १.२५ ला आमच्या दारात पोहोचली. मधल्या वेळात दोन मोठ्या सुयांमधून सलाईन चालू होते, रुग्णवाहिकेत तिला डाव्या कुशीवर ठेवून प्राणवायू दिला होता, आणि इकडे आम्ही रक्तपेढीला, भूलतज्ज्ञांना व नवजात शिशू कक्षाला कळवून ठेवले होते.

तिसरा निर्णय: सीझर की नैसर्गिक प्रसूती

नाशिकला आली तेव्हा तिची नाडी १३८, रक्तदाब ८४/५० आणि हातपाय थंड होते. लघवीची नळी घातल्यावर जेमतेम २० मिलीलिटर गडद लघवी आली. बाळाचे ठोके नव्हते. सोनोग्राफीवर हृदयाची हालचाल थांबलेली स्पष्ट दिसली.

प्रयोगशाळेचे अहवाल यायला पाऊण तास लागणार होता, म्हणून तिचे ५ मिलीलिटर रक्त साध्या काचेच्या नळीत घेऊन ती नळी मुठीत धरून ठेवली. सात मिनिटांत घट्ट गुठळी व्हायला हवी; तिची दहा मिनिटांनीही झाली नाही. या फुकटच्या चाचणीमुळे आम्ही प्लाझ्मा आणि क्रायोप्रेसिपिटेट (रक्त गोठवणारी प्रथिने भरून काढणारे रक्ताचे घटक) यांची मागणी अहवालाची वाट न पाहता पाऊण तास आधी नोंदवली. नंतर आलेल्या अहवालांत हिमोग्लोबिन ५.८, प्लेटलेट ७८,००० आणि फायब्रिनोजेन, म्हणजे रक्त गोठण्यासाठी लागणारे मुख्य प्रथिन, ९० निघाले. गरोदरपणाच्या शेवटी फायब्रिनोजेन एरवी ३०० च्या वर असते, आणि ते २०० च्या खाली जाणे ही गंभीर रक्तस्रावाची सूचना मानतात.

आता बाळ गेलेले असताना आईला कसे वाचवायचे, हा प्रश्न होता. दीर आणि सोबत आलेला मुकादम आग्रहाने म्हणत होते, "मॅडम, लवकर सीझर करा, वेळ घालवू नका." पोटात गेलेले बाळ आणि साचलेले रक्त तातडीने बाहेर काढावे, ही त्यांची भावना स्वाभाविक होती, आणि पुष्कळ डॉक्टरांचीही पहिली प्रतिक्रिया तीच असते. परंतु बाळ जिवंत नसताना शस्त्रक्रियेचा मुख्य हेतूच उरत नाही, आणि रक्त गोठत नसताना पोटाच्या प्रत्येक थरावर दिलेला छेद ही रक्त जाण्याची नवी वाट असते. योनीमार्गे प्रसूतीत मात्र वारेच्या जागेचे रक्त गर्भाशय आकुंचन पावून दाबून धरते. त्यासाठी गोठण्याची क्रिया पूर्ण शाबूत असावी लागत नाही. अशा प्रसूतीला किती तास लागतात यापेक्षा त्या तासांत गेलेले रक्त भरून काढले जाते की नाही, यावर आईचे भवितव्य अधिक अवलंबून असते.

गर्भाशयाचे तोंड तीन सेंटिमीटर उघडलेले होते. आधी रक्त आणि प्लाझ्मा सुरू करायचे, पाणमोट फोडायची, कळा वाढवणाऱ्या ऑक्सिटोसिनचे सलाईन लावायचे आणि दर तासाला नाडी, रक्तदाब, लघवी व गर्भाशयाची उंची लिहायची, असे आम्ही ठरवले. कोणत्या परिस्थितीत सीझर करायचे, तेही त्याच वेळी कागदावर लिहिले: रक्त देऊनही रक्तदाब सावरला नाही, किंवा चार तासांत प्रसूती पुढे सरकली नाही. या अटी आधी लिहिणे मला फार महत्त्वाचे वाटते. पहाटे चारला थकलेल्या मनाने घेतलेला निर्णय भीतीतून येतो किंवा आशेतून.

पाणमोट फोडली तेव्हा पाणी रक्ताळलेले आले आणि पोटातला ताण थोडा उतरला. हा सगळा विचार तिच्या पतीला आणि दिराला समजावून सांगायला पंधरा मिनिटे लागली. ती पंधरा मिनिटे एका सहकारी डॉक्टरांनी दिली म्हणून उपचार थांबले नाहीत.

परिणाम

पहाटे ५.४० ला १.९ किलो वजनाचा मृत मुलगा जन्मला. पाठोपाठ वार आणि तिच्यासोबत सुमारे ९०० मिलीलिटर गुठळ्या बाहेर आल्या. वारेचा निम्म्याहून मोठा भाग गुठळीच्या दाबाने खोलगट झालेला होता. त्यानंतर गर्भाशय शिथिल पडले आणि पुन्हा रक्तस्राव सुरू झाला. ऑक्सिटोसिन वाढवले, रक्तस्राव रोखणारे ट्रानेक्सॅमिक ॲसिड १ ग्रॅम शिरेतून दिले, गर्भाशय आकुंचित करणारे मिसोप्रोस्टॉल दिले. त्याच कामाचे, पण रक्तदाब वाढवणारे मेथर्जिन मात्र रक्तदाबाच्या पूर्वेतिहासामुळे मुद्दाम टाळले. तोपर्यंत पतीशी बोलताना गावच्या तपासणीतला "बीपी वाढल्याचा" उल्लेख समोर आला होता. गर्भाशयात कंडोम बलून (आतून दाब देणारा फुगा) ठेवून तो सलाईनने फुगवल्यावर साडेसहाच्या सुमारास रक्त थांबले. एकूण तांबड्या पेशींच्या ६ पिशव्या, प्लाझ्माच्या ८, क्रायोप्रेसिपिटेटच्या १० आणि प्लेटलेटच्या ४ लागल्या. जननी शिशू सुरक्षा कार्यक्रमात गरोदर मातेला रक्त मोफत मिळते, त्यामुळे कुटुंबावर त्याचा भार आला नाही.

मूत्रपिंडांना धक्का बसला होता. मूत्रपिंडांचे काम मंदावले की रक्तात वाढणारे क्रिएटिनिन तिसऱ्या दिवशी ३.४ पर्यंत चढले. डायलिसिसची तयारी ठेवली होती, पण लघवी वाढत गेली आणि नवव्या दिवशी ते १.१ वर आले. बाराव्या दिवशी ती घरी गेली.

त्या बारा दिवसांतल्या दोन गोष्टी आमच्याकडून नीट झाल्या नाहीत. अतिदक्षता विभागातून बाहेर आल्यावर तिला बाळंतिणींच्या वॉर्डमध्ये, जिच्या कुशीत बाळ होते अशा स्त्रीच्या शेजारची खाट मिळाली. आणि तिसऱ्या दिवशी तिला दूध आले. असे होईल हे तिला आमच्यापैकी कुणीच सांगितले नव्हते. ती घाबरली, मग रडली आणि दिवसभर कुणाशी बोलली नाही. दूध थांबवण्याची नेहमीची गोळी रक्तदाबामुळे देता येत नव्हती. घट्ट कपडे आणि थंड पट्ट्या हाच उपाय होता, आणि तो आदल्या दिवशीच समजावता आला असता. मुलाचा चेहरा तिला दाखवायचा की नाही यावर घरच्यांचे एकमत नव्हते. आम्ही तिलाच विचारले, आणि तिने तो पाहिला.

घरी जाण्यापूर्वी सासू गावाहून आली होती. क्रेट उचलले म्हणून असे झाले, असे तिचे म्हणणे होते, आणि त्या वाक्याने सगळा दोष सुनेच्या पदरात पडत होता. आम्ही सासू, पती आणि ती अशा तिघांना एकत्र बसवून सांगितले की या प्रकरणात सर्वांत संभाव्य कारण वाढलेला रक्तदाब होते, आणि तो तिच्या हातात नव्हता.

काय वेगळे करता आले असते

बाळ वाचले असते का, हा प्रश्न पतीने मला विचारला. १०.५० ला ठोके होते. त्या क्षणी निदान होऊन रुग्णवाहिका निघाली असती तर ती बाराच्या आसपास नाशिकला पोहोचली असती, ११.४५ च्या सुमाराच्या सोनोग्राफीत बाळ जिवंत होते, म्हणजे सीझरची संधी बहुधा मिळाली असती. ३४ आठवड्यांचे बाळ नवजात शिशू कक्षात चांगले जगते. पण शंभरावर घसरलेले ठोके असलेले बाळ पाऊण तासाच्या प्रवासानंतर कोणत्या अवस्थेत जन्मले असते, हे ठामपणे सांगता येत नाही. मी त्याला हेच सांगितले. वेळ गेला हे खरे आहे, तो आमच्याकडूनही गेला, आणि तो गेला नसता तर संधी होती.

या प्रकरणाचा आढावा आम्ही दोन्ही रुग्णालयांतल्या सर्वांना एकत्र बसवून घेतला आणि त्याची सुरुवात मी माझ्या फोनपासून केली. माझ्या मते त्यामुळेच पुढची चर्चा मोकळेपणाने झाली. त्यातून आमच्या फोनशेजारी एक छोटा कागद लागला. पाठवणाऱ्या डॉक्टरला विचारायचे प्रश्न त्यावर क्रमाने आहेत: नाडी, रक्तदाब, बाळाचे ठोके, पोट मधे सैल होते का, गर्भाशयाची उंची वाढतेय का. अंगावरून किती जाते, हा प्रश्न सहावा आहे. सोनोग्राफीचा प्रश्न त्यावर नाही. दुसरा बदल बोलण्यातला आहे: रात्री पाठवलेली गरोदर स्त्री साध्या कळांची निघाली तरी पाठवणाऱ्याला दूषण द्यायचे नाही, असे आम्ही आपसांत ठरवले. हा बदल कागद चिकटवण्याइतका सोपा ठरलेला नाही आणि अधूनमधून तो मोडतोही.

सर्वांत आधीचा आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा क्षण मात्र रुग्णालयांच्या बाहेरचा होता. १४६/९४ या नोंदीनंतर लघवीची तपासणी, चार तासांनी पुन्हा रक्तदाब आणि गरज पडल्यास गोळी, एवढे झाले असते तर कदाचित ही रात्र आलीच नसती. वार सुटणे नेमके कधी होईल हे सांगता येत नाही, पण वाढलेला रक्तदाब दिसतो, मोजता येतो आणि आटोक्यात ठेवता येतो. जिथून स्थलांतर होते तिथल्या आरोग्यसेविकेला हंगाम माहीत असतो, मुकादम माहीत असतात, कुठल्या पट्ट्यात कुणाची माणसे जातात हेही माहीत असते. गरोदर स्त्री निघताना कार्ड तिच्या पिशवीत आहे का हे पाहणे आणि जिथे ती जाणार तिथल्या आशाताईंना एक फोन करणे यासाठी वेगळ्या निधीची गरज नाही. आढाव्यानंतर त्या गावच्या सेविकेने आपल्या वहीत बाहेरगावी गेलेल्या गरोदर स्त्रियांचे पान वेगळे केले. पहिल्या हंगामात त्या पानावर अकरा नावे होती.

पुढचे गरोदरपण

दोन वर्षांनी ती पुन्हा आमच्याकडे आली, या वेळी ११व्या आठवड्यात आणि कार्ड सोबत घेऊन. पतीचा पहिला प्रश्न होता, "पुन्हा असंच होईल का?" एकदा वार अशी सुटलेल्या स्त्रियांपैकी शंभरात सुमारे चार ते पाच जणींना ती पुन्हा सुटते; इतर स्त्रियांच्या तुलनेत हा धोका कितीतरी अधिक आहे, आणि तरीही शंभरातल्या पंचाण्णव जणींना तसे होत नाही. दोन्ही वाक्ये आम्ही त्याला सांगितली. दोनदा असे झालेल्या स्त्रीसाठी मात्र हा धोका पाचातल्या एकीपर्यंत जातो, म्हणून तिच्याशी बोलताना सूर वेगळा ठेवावा लागला असता.

पुन्हा वार सुटू नये यासाठी खात्रीचे औषध नाही. रक्तदाबाचा विकार टाळण्यासाठी बाराव्या आठवड्यापासून रात्री ॲस्पिरिन १५० मिलिग्रॅम, रोज कॅल्शियम, रक्तवाढीच्या गोळ्या आणि दर दोन आठवड्यांनी रक्तदाब व लघवीची तपासणी ठेवली आहे. मिश्री लावण्याची सवय तिला होती. ती आम्ही मागच्या वेळी विचारलीच नव्हती. या वेळी विचारली आणि तिने सोडली. बाळाची वाढ महिन्यातून एकदा पाहिली जाते.

हे लिहिताना ती ३१व्या आठवड्यात आहे. रक्तदाब १२२/७८ आहे. या हंगामात पती एकटाच द्राक्षांच्या कामाला आला आहे; ती गावी आहे, आणि ३५वा आठवडा लागला की घाट ओलांडून नाशिकला नणंदेकडे राहायला येईल, असे ठरले आहे. पोट कडक होऊन मधे सैल झाले नाही, बाळाची हालचाल कमी झाली किंवा थेंबभर जरी रक्त दिसले तरी कुणाचीही वाट न पाहता निघायचे, हे तिला, नणंदेला आणि सासूला वेगवेगळे सांगितले आहे, आणि १०८ या क्रमांकाखाली आमच्या प्रसूतिगृहाचा क्रमांक कार्डावर लिहून दिला आहे.